अ‍ॅक्टिव्ह डिरेक्टरी की ओपनएलडॅप?

संस्थेतील प्रत्येक वापरकर्त्याची ओळख एकाच ठिकाणी नोंदवून तिथूनच पडताळायची असेल, तर मायक्रोसॉफ्टची अ‍ॅक्टिव्ह डिरेक्टरी आणि मुक्तस्रोत ओपनएलडॅप हे दोन पर्याय प्रामुख्याने समोर येतात. ओपनएलडॅप प्रकल्प १९९८ साली मिशिगन विद्यापीठाच्या मूळ कामावर उभा राहिला. अ‍ॅक्टिव्ह डिरेक्टरी विंडोज २००० सर्व्हरसोबत आली. दोन्ही एलडॅप (डिरेक्टरीतील, म्हणजे ओळखींच्या नोंदवहीतील, माहिती शोधण्याची व बदलण्याची ठरलेली भाषा) हाच प्रोटोकॉल बोलतात, परंतु साम्य जवळपास तिथेच संपते.

अ‍ॅक्टिव्ह डिरेक्टरीमध्ये कर्बेरॉस ही तिकिटांवर चालणारी ओळख-पडताळणीची पद्धत अंगभूत असल्याने वापरकर्त्याने एकदा लॉगिन केले की त्याला मिळालेल्या तिकिटावर पुढील सेवा उघडतात आणि पासवर्ड प्रत्येक सर्व्हरकडे पाठवावा लागत नाही. मात्र संगणकांच्या घड्याळांत ५ मिनिटांपेक्षा अधिक तफावत पडली, तर मूळ सेटिंगनुसार ही पडताळणी फसते. ग्रुप पॉलिसीमुळे शेकडो विंडोज संगणकांवर एकच नियम लावता येतो, आणि माझ्या मते हेच तिचे खरे बळ आहे.

ओपनएलडॅप ही केवळ डिरेक्टरी आहे. कर्बेरॉस हवे असल्यास ते स्वतंत्रपणे जोडावे लागते. परवाना शुल्क नाही, रचनेवर पूर्ण ताबा मिळतो, पण साध्या बाइंडमध्ये (नाव आणि पासवर्ड देऊन डिरेक्टरीशी जोडताना) टीएलएस हे सांकेतिकीकरण नसेल तर पासवर्ड पोर्ट ३८९ वरून उघडा जातो, आणि ही चूक अक्षम्य मानली पाहिजे.

विंडोज संगणक बहुसंख्य असतील तर मी अ‍ॅक्टिव्ह डिरेक्टरीच सुचवेन. लिनक्स सर्व्हर आणि ते सांभाळणारे जाणकार हाताशी असतील, तर ओपनएलडॅप.