युद्धातल्या ट्रकचं नकली किट: सीमाभागातल्या मॉडेलवाल्यांनी हे जरूर वाचावं

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या पट्ट्यात प्लास्टिकची स्केल मॉडेल, म्हणजे किटमधले सुटे भाग जोडून खऱ्या गाड्यांच्या छोट्या प्रतिकृती, बनवणारी माणसं थोडी आहेत. बहुतेक जण एकमेकांना ओळखतात. गेल्या काही महिन्यांत यातल्या बऱ्याच जणांना व्हॉट्सअ‍ॅपवर किट विकण्याचे एकाच धाटणीचे मेसेज आले, हे माझे पैसे गेल्यानंतर चौकशी करताना कळलं. काहींनी दुर्लक्ष केलं, काहींचे पैसे गेले, आणि पैसे गेलेले लोक गप्प बसलेत. म्हणून सगळं सविस्तर लिहितोय.

मला हवा होता अमेरिकेचा अडीच टनी जीएमसी ट्रक, १/३५ मापाचा (खऱ्याच्या पस्तिसाव्या हिश्शाएवढा), जपानच्या टामिया कंपनीचा. या ट्रकचं कागदोपत्री नाव सीसीकेडब्ल्यू. अक्षरांचा अर्थ असा: पहिला सी म्हणजे १९४१ चा आराखडा, दुसरा सी म्हणजे नेहमीच्या धाटणीची केबिन, के म्हणजे पुढच्या चाकांनाही इंजिनची ताकद, डब्ल्यू म्हणजे मागे जोडीने दोन एक्सल. दुसऱ्या महायुद्धात असे पाच लाखांहून जास्त ट्रक बनले. १९४४ च्या ऑगस्ट ते नोव्हेंबरात फ्रान्समध्ये पुढे धावणाऱ्या अमेरिकी सैन्याला पेट्रोल आणि दारूगोळा पोचवणारी जी ‘रेड बॉल एक्सप्रेस’ चालली, तिचा मुख्य भार याच ट्रकांवर होता.

आमच्या घराशी या ट्रकचा संबंध इटलीतून येतो. आजोबा मराठा पलटणीत होते, पहिल्या बटालियनमध्ये. नामदेव जाधव यांनी ९ एप्रिल १९४५ रोजी सेनिओ नदीवर जखमी साथीदारांना पाठीवरून आणलं आणि शत्रूच्या मशीनगन बंद पाडल्या, त्यासाठी त्यांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला, तीच ही बटालियन. त्याच्या आधीच्या हिवाळ्यात, डिसेंबर १९४४ च्या अखेरीस, आठव्या भारतीय डिव्हिजनला अमेरिकी पाचव्या आर्मीच्या मदतीसाठी सेर्किओच्या खोऱ्यात नेलं होतं. आजोबा तिथल्या चिखलाबद्दल आणि अमेरिकी लॉऱ्यांबद्दल सांगायचे. सहाही चाकं ओढतात म्हणून चिखलातून गाडी कशी वर यायची, ते हाताने करून दाखवायचे. १९२२ पासून मराठ्यांचं सेंटर बेळगावात आहे, त्यामुळे इथल्या अनेक घरांत अशा आठवणी आहेत. मला तो ट्रक बनवून त्यांच्या फोटोशेजारी ठेवायचा होता. हे इतकं सांगायचं कारण असं की विकणाऱ्याने नेमकं हेच पकडलं.

किट आपल्याकडे मिळणं अवघड का झालं, तेही समजून घ्यायला हवं, कारण फसवणारा याच अडचणीवर जगतो. कस्टमच्या वर्गवारीत स्केल मॉडेल खेळण्यांच्या गटात येतं. खेळण्यांवरची मूळ आयात ड्युटी फेब्रुवारी २०२० मध्ये २० टक्क्यांवरून ६० टक्के झाली आणि २०२३ मध्ये ७० टक्के. शिवाय १ जानेवारी २०२१ पासून खेळण्यांना बीआयएस या सरकारी मानक संस्थेचं प्रमाणपत्र सक्तीचं झालं. देशी खेळणी कारखान्यांसाठी ते ठीक असेल, पण छोट्या दुकानदारांनी परदेशी किट मागवणं कमी केलं. जे मिळतं ते महाग, आणि हवं ते मॉडेल बहुतेक वेळा संपलेलं. अशा वेळी ‘माझ्याकडे एक पीस आहे’ असं कुणी म्हटलं की माणूस थांबतोच.

तर मला मेसेज आला. मूळचा निपाणीकडचा, आता पुण्यात नोकरीला, वडील मराठा लाइट इन्फन्ट्रीतून सुभेदार म्हणून निवृत्त, अशी त्याने ओळख दिली. बोलणं अगदी आपल्याकडचं. “दादा, आपल्या भागातल्या माणसाला मी जास्त लावत नाही बघा,” म्हणाला. माझ्या आजोबांबद्दल त्याने स्वतःहून विचारलं, कुठल्या बटालियनमध्ये होते, कुठे लढले. सेनिओचं नाव त्याला माहीत होतं. मॉडेलचंही ज्ञान पक्कं: ट्रकच्या ऑलिव्ह ड्रॅब या लष्करी हिरवट रंगासाठी टामियाचा एक्सएफ-६२ रंग वापर, काचा डकवण्याआधी केबिन आतून रंगव, असं सगळं. मग त्याने व्हिडिओ पाठवला. उघडलेला डबा, त्यात चौकटींना लागलेले सुटे भाग, प्रत्येक चौकटीवर अक्षराची पाटी आणि वर कागदावर माझं नाव आणि त्या दिवसाची तारीख. किट त्याच्या हातात होतं, यात शंकाच नव्हती.

किंमत ४,५०० रुपये ठरली, आगाऊ, यूपीआयवर. पैसे गेल्यावर सांगितलं की हा पीस त्याच्या सिंगापूरच्या मित्राकडून यायचाय, व्हिडिओतला त्याचा स्वतःचा आहे. थोड्या दिवसांनी फोन: “दादा, पार्सल कस्टमने अडवलंय, सत्तर टक्के भरावे लागतात.” सोबत सरकारी बोधचिन्ह असलेली नोटीस आली, ३,१५० रुपयांची. खेळण्यांवरच्या मूळ ड्युटीचा ७० टक्के हा आकडा खरा होता, गुणाकारही बरोबर होता. खोटं खपवायचं तर त्यात खऱ्याचा भाग घालावा लागतो, तो त्याने अचूक घातला. तेही पैसे गेले. एकूण ७,६५०.

आणि मग पार्सल आलं, हा या प्रकारातला सगळ्यात हुशारीचा भाग. काहीच आलं नसतं तर मी त्याच आठवड्यात पोलिसांत गेलो असतो. पार्सल आलं की प्रकरण ‘वस्तू आवडली नाही’ एवढ्यावर येतं, माणूस आठवडाभर त्याच्याशीच बोलत बसतो आणि तोपर्यंत पैसे पुढे चार खात्यांत फिरलेले असतात.

डबा दिसायला ओळखीचा, लाल-निळ्या चौकोनांत पांढरे दोन तारे. जवळून पाहिलं तर छपाईला दाणे दिसत होते, कडेची बारीक अक्षरं फुटलेली. फोटो काढून परत छापलेलं होतं ते. आत केबिन, बॉनेट, चेसिस आणि मागचा हौदा पिवळसर राखाडी रंगाचा, एकेक सुटा, प्लास्टिकच्या पिशवीत. चौकटी नाहीत, त्यामुळे अक्षरांच्या पाट्याही नाहीत. एक्सल आणि चाकं दुसऱ्याच कुठल्यातरी किटची, काळ्या प्लास्टिकची. या ट्रकला मागच्या दोन्ही एक्सलवर दुहेरी टायर असतात, म्हणजे पुढचे दोन धरून दहा. पिशवीत आठ निघाले.

मी उद्यमबागेतल्या एका फाउंड्रीत क्वालिटीचं काम बघतो. कास्टिंग हातात घेऊन बघायची सवय आहे, म्हणून पुढचं जरा सविस्तर सांगतो, कारण नकली किट ओळखायला हेच उपयोगी पडेल.

मूळ किट बनतं पॉलिस्टायरीन प्लास्टिकचं. पोलादी डायमध्ये वितळलेलं प्लास्टिक प्रचंड दाबाने भरतात, त्यामुळे कडा सुरीसारख्या स्वच्छ येतात आणि भागाच्या आतल्या बाजूला ते बाहेर ढकलणाऱ्या पिनांचे गोल ठसे राहतात. ते ठसे बघून नवे लोक वैतागतात, पण ती अस्सलपणाची खूण आहे. नकली माल असा बनतो: मूळ भागावर सिलिकॉन रबर ओततात, त्याचा साचा करतात आणि त्यात दोन रसायनं मिसळून रेझिन ओततात. दाब नाही, म्हणून कोपऱ्यात हवा अडकते. माझ्या केबिनच्या दारांच्या मुठीत टाचणीच्या डोक्याएवढे फुगे होते, एक मूठ तर अर्धीच आलेली. आम्ही लोखंडात याला ब्लो होल म्हणतो. असं कास्टिंग गिऱ्हाइकाकडे गेलं तर दुसऱ्या दिवशी परत येतं.

मी केबिन आमच्या पॅटर्न शॉपमधल्या मेस्त्रींना दाखवली. त्यांनी चष्मा वर करून ती उलटी केली, आतून बोट फिरवलं आणि म्हणाले, “हे मूळ पीस न्हवं. एकावरनं दुसरं काढलंय.” आतल्या बाजूला पिनेचे ठसे होते, पण पुसट, कडा बुजलेल्या. मूळ भागावरचे ठसेसुद्धा साच्यात उतरले होते! रेझिन दाबाशिवाय ओततात, तिथे ढकलायच्या पिनेचं कामच नसतं. रेझिनच्या भागावर तो ठसा दिसला की ती नक्कल.

दुसरी गोष्ट मापाची. कुठलाही पदार्थ साच्यात घट्ट होताना आकसतो. बिडाच्या कास्टिंगसाठी आम्ही पॅटर्न (ज्यावरून साचा काढतात तो नमुना) साधारण एक टक्का मोठा ठेवतो तो त्यासाठीच. नक्कल करणारा पॅटर्न मोठा करत नाही, तो मूळ भागच पॅटर्न म्हणून वापरतो, म्हणून नक्कल मूळपेक्षा लहान येते. हुबळीच्या एका मित्राकडे हेच किट अस्सल आहे. त्याने व्हिडिओ कॉलवर त्याच्या चेसिसला व्हर्नियर लावला, मी माझ्या. माझी चेसिस पावणेदोन मिलिमीटरनं आखूड आणि शिवाय थोडी पिळवटलेली. लांब पट्टीसारखे भाग सपाट काचेवर ठेवून बघा, डुलत असतील तर संशय घ्या.

तिसरी परीक्षा सगळ्यात सोपी. मॉडेलचं पातळ सिमेंट हा डिंक नव्हे, तो पॉलिस्टायरीन वितळवून दोन भाग एकजीव करतो. आतल्या बाजूला एक थेंब लावा. अस्सल प्लास्टिक लगेच मऊ होऊन चिकट लागतं. रेझिनवर तो थेंब नुसता उडून जातो. माझा उडून गेला. आणि हो, असं रेझिन कुणाकडे आलंच तर कोरडं घासू नका, त्याची धूळ फुप्फुसाला वाईट. पाण्यात घासा, तोंडाला मास्क लावा.

पार्सलचं लेबल पुतण्याने वाचलं. “काका, हे तर देशातलंच बुकिंग आहे. कस्टम आलं कुठनं?” खरंच, पाठवणारं शहर महाराष्ट्रातलं होतं आणि परदेशी पार्सलचा एकही कागद नव्हता. मग त्या नोटिशीकडे नीट बघितलं. नोव्हेंबर २०१९ पासून कस्टम खात्याच्या नोटिशींवर आणि पत्रांवर डीआयएन नावाचा ओळख क्रमांक छापतात, तो सीबीआयसी, म्हणजे कस्टमचं काम बघणाऱ्या केंद्रीय मंडळाच्या वेबसाइटवर टाकून तपासता येतो. त्या नोटिशीवर असा क्रमांकच नव्हता. पोस्टाने परदेशातून आलेल्या पार्सलची ड्युटी पोस्टातच, पार्सल हातात घेताना, पावती घेऊन भरायची असते. कुरिअरने आलं तर कुरिअर कंपनी बिलासकट मागते. कस्टमची ड्युटी कुणा माणसाच्या यूपीआयवर कधीच जात नाही.

मी त्याला फोटो पाठवले. तो चिडला नाही. उलट “दादा, मित्राने मलाही फसवलं, तुमचे सगळे पैसे परत करतो,” म्हणाला आणि क्यूआर कोड पाठवला: स्कॅन करा, पिन टाका, रक्कम जमा होईल. यूपीआयमध्ये पैसे घ्यायला पिन लागत नाही. पिन टाकला की पैसे आपल्या खात्यातून जातात. तिथेच बोलणं थांबवून मी १९३० ला फोन केला.

१९३० ही सायबर फसवणुकीची राष्ट्रीय हेल्पलाइन आहे. व्यवहाराचा यूटीआर क्रमांक, तारीख, रक्कम आणि समोरच्याचा यूपीआय आयडी हाताशी ठेवून फोन करा. जितक्या लवकर कराल तितकी पुढच्या खात्यात पैसे गोठवले जाण्याची शक्यता जास्त. तोच तपशील राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर भरला आणि बँकेतही लेखी दिला. नंतर पोलीस ठाण्यात गेलो. आपल्याकडे सायबर गुन्ह्यांचं काम सीईएन (सायबर, आर्थिक आणि अमली पदार्थ गुन्हे) पोलीस ठाणं बघतं. अर्ज कन्नडमध्ये लिहायला शेजारच्या आण्णांनी मदत केली. त्यांनी पुराव्यांची यादीही नीट लावून दिली, त्यांचे उपकार.

सीमाभागातल्या माणसांना एक गोष्ट अडवते: आरोपी महाराष्ट्रात, आपण कर्नाटकात, तक्रार कुठे द्यायची? लोक कोल्हापूर की बेळगाव याच विचारात दिवस घालवतात. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणे गुन्हा कुठेही घडलेला असो, जवळच्या ठाण्यात माहिती देता येते. फसवणुकीचं जुनं ४२० कलम आता भारतीय न्याय संहितेत ३१८ झालंय. हे दोन आकडे लक्षात ठेवून जा, बोलायला बळ येतं.

माझ्यापुरतं सांगायचं तर दुसऱ्या व्यवहारातली काही रक्कम एका खात्यात गोठलेली आहे, बाकीचा तपास चालू आहे. डबा, पिशव्या, कुरिअरचं लेबल, सगळं जसंच्या तसं ठेवलंय, कारण तो पुरावा आहे. असेच फसलेल्या पुण्यातल्या ज्या दोघांशी बोलणं झालं त्यांनी तो माल रागाने फेकून दिला होता, आता त्यांच्याकडे दाखवायला काही नाही.

‘माझ्याकडे किट आहे’ असं कुणी म्हटलं तर व्हिडिओ मागून थांबू नका. व्हिडिओतलं किट खरं असू शकतं आणि येणारं दुसरं. चालू व्हिडिओ कॉलवर त्याला एखाद्या चौकटीवरची पाटी वाचायला सांगा, केबिनच्या आतल्या बाजूला सिमेंटचा एक थेंब लावायला सांगा. अस्सल माल विकणारा यासाठी कां-कूं करणार नाही. पार्सल आल्यावर लेबल दिसेल असं धरून, न थांबवता, उघडतानाचा व्हिडिओ काढा. आणि मराठा पलटणीचं, आपल्या भागाचं, आजोबांचं नाव घेऊन कुणी किट विकायला आला, वडील सुभेदार होते असं सांगू लागला, तर आपल्यातल्या दोघा-तिघांना त्याचा नंबर आधी दाखवा. माझ्याकडे असलेले नंबर पोलिसांना दिलेत. खानापूर, निपाणी, चिकोडीकडच्या ज्या कुणाला अशीच पिवळसर केबिन आणि आठ टायर आले असतील, त्यांनी ते जपून ठेवून १९३० वर आपली तक्रार नोंदवावी. एकाच खात्याविरुद्ध जास्त तक्रारी असल्या तर तपासाला जोर येतो.