पाणी नसलेला बंब: साताऱ्यातनं करून आणलेल्या बुखारीचा रिव्ह्यू

बुखारी म्हणजे खोली गरम करायची, लाकडावर चालणारी बंद लोखंडी शेगडी, धूर पाईपनं छपराबाहेर. एक हिवाळा आणि एक अख्खा पावसाळा वापरून मग लिहितोय, त्यामुळं थोडं लांबलंय.

घर आमचं पाचगणीच्या पुढं भिलारच्या बाजूला, कौलारू, वर लाकडी माळा. वेण्णा लेकला दवबिंदू गोठल्याची बातमी जवळजवळ दर डिसेंबर-जानेवारीत येते आणि पुण्यामुंबईचे पाहुणे फोन करतात, की काय मजा आहे राव तुमची. थंडीचं काही वाटत नाही खरं तर, दोन महिने असते, गोधडी घेतली की झालं. आमचा वैरी पाऊस. जून ते सप्टेंबर घरात सगळं ओलं, गादी ओली, पोरांचे युनिफॉर्म तीन तीन दिवस वाळत नाहीत, चपलेला बुरशी. 2021 च्या जुलैत महाबळेश्वरला एका दिवसात 594 मिलीमीटर पडला तेव्हा आमच्याकडं पाच दिवस लाईट नव्हती, आजी तेव्हा ८१ ची, दम्याची पेशंट, आणि हॉलमधला 2000 वॅटचा हीटर नुसता शोभेला. तेव्हाच ठरवलं की लाकडावर चालणारं काहीतरी पाहिजे, पण घरात धूर नको. पुढची तीन वर्षं नुसती चर्चाच झाली ती गोष्ट वेगळी.

वाईच्या आणि साताऱ्याच्या बाजारात विचारलं तर कुणी बिनधुराची चूल दाखवतंय, कुणी हॉटेलची तंदूर भट्टी, एकानं तर रॉकेलचा स्टोव्हच पुढं केला. ऑनलाइन परदेशी बीडाच्या शेगड्या बघितल्या, दिसायला एक नंबर, पण किंमत लाखाच्या वर, त्या पैशात गाय येती. उघडी शेगडी घरात घ्यायची नाही हे नक्की होतं, बंद खोलीत कोळसा पेटवून झोपलेली माणसं सकाळी उठलीच नाहीत असं दर थंडीत पेपरात येतंच, कोळशातनं निघणारा तो विषारी वायू, कार्बन मोनॉक्साइड, ना दिसतो ना वास येतो.

शेवटी साताऱ्यातला एक फॅब्रिकेटर गाठला, नाव लिहीत नाही, कारण पुढं तक्रारी पण आहेत. गेट, ग्रिल, उसाच्या ट्रॉल्या करणारा माणूस. त्याला हिमाचलच्या बुखारीचे व्हिडिओ दाखवले, चहा घेता घेता त्यानं जमिनीवर खडूनं ड्रॉइंगच काढलं, म्हणाला "सर, आठ दिवसात देतो". महिना लावला.

साईजचं मात्र नीट बघून घ्या. मोठी घेतली की जास्त गरम असं नसतं, मोठ्या बुखारीत थोडंच जळण घालून धुमसत जाळत बसलं की धूर जास्त आणि धुराड्यात डांबरासारखा थर बसतो, तोच थर पुढं पेट घेतो. आमचा हॉल 12 बाय 16, उंची 10 फूट, त्याला साधारण 4-5 किलोवॅटची पुरते. पत्रा 3 एमएमचा नको, तापून वाकतो, आम्ही 6 एमएम घातला आणि आतनं फायरब्रिक, म्हणजे उष्णता सोसणारी वीट. वजन 110 किलो भरलं, छोटा हत्तीत घालून पसरणी घाटातनं आणताना ड्रायव्हर म्हणतोय "दादा, तिजोरी हाय का काय?"

पाईपवरनं वाजलं. फॅब्रिकेटर म्हणे जीआयचा, म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेल्या लोखंडाचा लावा, स्वस्त पडतो. आमचा मेव्हणा वेल्डर, तो एकदम बिथरला. जीआयवर वेल्डिंग केलं की जस्ताचा धूर नाकात जाऊन रात्री थंडी वाजून ताप भरतो, म्हणून ही पोरं वर्कशॉपला दूध पितात, आणि तसला पाईप तू घरात तापवणार? मग 6 इंची स्टेनलेसचा घेतला. माळ्यातनं पाईप काढताना चारी बाजूला जागा सोडून पत्र्याची चौकट बसवली, लाकूड पाईपाला टेकायला नको, आणि वर कौलांच्या बाहेर तीन फूट काढला, नाहीतर वारं आलं की धूर उलटा घरात. बुखारी 24,500, पाईप 7,800, भाडं 2,500, गवंडी 3,000.

पहिल्यांदा पेटवली तेव्हा रंगाचा असा वास सुटला की आई म्हणाली उचला आणि बाहेर टाका. हे होतंच, खिडक्या उघड्या ठेवून दोन-तीनदा बारीक जाळ करायचा. आजी मात्र खुर्ची ओढून समोर बसली, खालची हवेची पट्टी मी सरकवली की जाळ कसा उठतो ते बघितलं आणि म्हणाली, "ह्यो तर बंबच की रं, पाणी नसलेला." मी पंधरा दिवस ड्राफ्ट (धुराड्याची ओढ) आणि सेकंडरी एअर (जाळाला वरनं मिळणारी हवा) वाचत होतो ते तिनं एका वाक्यात संपवलं. बंबाच्या मधल्या नळीतनं गरम हवा वर ओढली जाती आणि खालनं नवी येती, तेच इथं. फरक एवढाच की हिला दरवाजाच्या वरनं पण हवा आत येते, त्यानं उरलेला धूर जळतो आणि काच काळी पडत नाही.

काच! नवव्या दिवशी संध्याकाळी टण्णकन आवाज झाला आणि काचेचा चुरा फरशीवर. पोरगी दोन फुटांवर गृहपाठ करत होती. फॅब्रिकेटरनं दरवाजाला सिरॅमिक काच सांगून साधी टफन घातली होती, ती एवढ्या उष्णतेला टिकतच नाही. फोनवर आधी म्हणाला तुम्ही जाळ जास्त केला असंल. अहो, जाळ करायलाच घेतली ना? आठ दिवस मागं लागल्यावर सिरॅमिक बसवून दिली, निम्मे पैसे माझ्याकडनंच घेतले. दुसरी गोष्ट डँपरची. पाईपमधली झडप पूर्ण बंद व्हायची. एका रात्री निखारे टिकावेत म्हणून वडिलांनी ती बंद केली आणि पावणेबाराला अलार्म बोंबलायला लागला. तो कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म मी 1,400 ला घेतला होता तेव्हा सगळे हसले होते, त्या रात्री सगळे अंगणात स्वेटर घालून उभे. मेव्हण्यानं दुसऱ्या दिवशी झडपेचा पाव तुकडा कापून टाकला, आता कितीही फिरवा, फट राहतेच.

जळण म्हणाल तर स्ट्रॉबेरीच्या शेताकडंच्या सिल्व्हर ओकच्या छाटलेल्या फांद्या असतात, पण ते लाकूड हलकं, भुर्रकन जळतं. म्हणून खालनं वाईकडनं बाभळीचं आणतो, एक ओंडका तासभर तरी चालतो. ओलं लाकूड घालायचंच नाही. दोन ओंडके एकमेकांवर आपटा, वाळलेलं खणखण वाजतं, ओलं धप्प. ओल मोजायच्या मीटरवर 20 टक्क्यांच्या खाली पाहिजे, म्हणून चैत्रातच फोडून शेडला रचतो, आणि पावसात दोन दिवसांचं आत आणून बुखारीपासनं हातभर लांब ठेवतो. संध्याकाळी साडेसहा ते साडेदहा 6-7 किलो लागतं. एक किलो वाळल्या लाकडात साधारण 4 युनिट उष्णता असते, निम्मी धुराड्यातनं गेली म्हटलं तरी हीटरपेक्षा जास्त मिळते, आणि लाईट गेली तर गेली.

थंडीत सोय झाली, ठीक. पण जुलैत जे सुख मिळालं ते सांगता येत नाही. वर दोरी बांधली, रात्री टाकलेले युनिफॉर्म सकाळी कोरडे, मोजे कडक. भिंतीचा कुबट वास गेला. आजीचा पंप सुटला असं म्हणणार नाही, पण खोकून उठून बसायची ते कमी झालं. दर तीन आठवड्यांनी पाईप घासावा लागतो, राख काढावी लागते, ती आई भांड्यांना आणि अळूच्या वाफ्याला वापरते. कौलातनं पाईपाभोवती मात्र अजून गळतंय, दोनदा एमसील लावून झालं, गवंडी म्हणतोय पुढच्या मे महिन्यात बघू.

पाचपैकी साडेतीन. बुखारीला साडेचार दिले असते, कारागिराचा एक कापला. मेढ्याच्या आत्याला पण पाहिजे, म्हणून त्याच्याकडंच दुसरी टाकलीय, हात चांगला आहे त्याचा, पण काच या वेळी मी माझी घेऊन जाणार आणि बसवताना समोर उभा राहणार.