वीस रुपये वाचवायला गेलो

बेळगावच्या उद्यमबागेत माझं छोटं मशीन शॉप आहे. चार ठिकाणची कोटेशनं आल्याशिवाय मी साधा लोखंडी बारही घेत नाही. शेअर घेऊन ठेवायला लागणारं डिमॅट खातं काढायचं ठरवलं तेव्हाही वहीत रकाने आखले. खातं उघडायची फी, वर्षाचा मेंटेनन्स, डिलिव्हरीवरचं ब्रोकरेज, इंट्राडेला, म्हणजे त्याच दिवशी घेऊन विकायला, ऑर्डरमागे २० रुपये, शेअर विकताना लागणारा डीपी चार्ज. एवढं करूनही ४ लाख ६० हजार गेले, म्हणून हे लिहितोय.

फेसबुकवर 'कोणता ब्रोकर स्वस्त' असले व्हिडिओ बघत होतो. एकाखालच्या लिंकवरून व्हॉट्सअॅप ग्रुपमध्ये शिरलो. तिथल्या मॅडमनी तुलनेचा तयार तक्ताच पाठवला, तोही मराठीत. चार नावाजलेल्या कंपन्या आणि पाचवी त्यांची. पहिल्या चौघींचे आकडे मी वहीशी ताडून पाहिले, पैन् पै बरोबर. मग पाचव्या रकान्यावरही विश्वास बसला. ब्रोकरेज शून्य, मेंटेनन्स शून्य, आयपीओत, म्हणजे कंपनी पहिल्यांदा शेअर विकायला काढते तेव्हा, हमखास शेअर. चार खऱ्यांच्या आडोशाने पाचवा खोटा घरात आला.

शेअर बाजारावर देखरेख ठेवणाऱ्या सेबीचा नोंदणी नंबरही मागितला होता मी. आयएनझेडने सुरू होणारा नंबर आला, सेबीच्या साइटवर शोधला, सापडला. पण तो भलत्याच, खऱ्या ब्रोकरचा. यांनी त्याच्या नावापुढे 'प्रो' जोडून अॅप बनवलं होतं. त्याच पानावर त्या कंपनीचा पत्ता, फोन, ईमेल होता. मॅडमच्या नंबरशी तो जुळवून बघायला किती वेळ लागला असता? नंबर सापडला, एवढ्यावरच गडी खूश.

त्यांची शाखा कोल्हापुरात आहे म्हणाले, तर म्हटलं एकदा जाऊन येतो. उत्तर आलं, "सर, तुमचा पत्ता कर्नाटकातला आहे. महाराष्ट्रातल्या शाखेत खातं निघणार नाही, अॅपवरच काढावं लागेल." पुण्याचा माणूस यावर हसला असता. आम्हा बेळगावकरांना ते लगेच पटतं. कुठल्याही कागदाला 'तुम्ही इकडचे की तिकडचे' हे ऐकतच केस पिकलेत. माझ्या मते त्यांचं सगळ्यात हुशार वाक्य हेच. डिमॅटला असली हद्द नसते. निपाणीत बसून मुंबईच्या ब्रोकरकडे खातं निघतं, खानापुरात बसूनही.

अॅप लिंकवरून उतरवलं, प्ले स्टोअरवरून नाही. पॅन-आधारचे फोटो पाठवले आणि दहा मिनिटांत खातं 'सुरू'. डिमॅट खाती ज्यांच्याकडे असतात त्या सीडीएसएल किंवा एनएसडीएलकडून एक मेसेज नाही, सोळा अंकी डिमॅट नंबर नाही. आधी २५ हजार टाकले. आठवड्यात ३१ दिसायला लागले, त्यातले ३ काढून बघितले, आले. धीर चेपला. मग तीन हप्त्यांत २ लाख १० हजार. दर वेळी खातं वेगळं, एकदा कुणी 'ट्रेडर्स', एकदा कुणी 'एंटरप्रायझेस'. विचारलं तर म्हणे, खात्याचं लिमिट संपतं.

आयपीओला एक लॉट, म्हणजे शेअरचा एक ठरलेला गठ्ठा, मागितला होता, अॅपमध्ये पंधरा लागले. "सव्वादोन लाख भरा, नाही तर सेबी खातं गोठवेल." खऱ्या आयपीओत पैसे आपल्याच बँक खात्यात अडवून ठेवलेले असतात आणि मागितल्याहून जास्त शेअर कुणी गळ्यात मारत नाही. हे आज सांगतोय. तेव्हा बायकोचे पाटल्या-बिलवर सोसायटीत गहाण ठेवून भरले.

अॅपवर ११ लाख दिसत होते. काढायला गेलो तर आधी वीस टक्के टॅक्स भरा म्हणे. निपाणीचा मेहुणा आला होता, जेवताना त्याला सांगितलं. घास तसाच हातात धरून तो म्हणाला, "दाजी, टॅक्स आपण सरकारला भरतो. आणि एवढंच असलं तर त्या अकरातनंच कापून घ्या म्हणा की त्यांना." तसं टाइप केलं. पाच मिनिटांत मी ग्रुपबाहेर.

तिथून पुढचे तीन दिवस मी लाजेपायी घालवले. १९३० ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, फोन केला तेव्हा शेवटच्या भरण्याला नऊ दिवस झाले होते. एका खात्यात ३८ हजार गोठले, बाकीचे पुढे निघून गेले होते. पहिल्या काही तासांत फोन गेला तर पैसा वाटेत अडवता येतो, असं तिथे कळलं.

तुम्ही आता ब्रोकर बघत असाल तर २० रुपये की १५ हा रकाना सगळ्यात शेवटी ठेवा. पैसे कुणाच्या नावावर जाणार, हा पहिला. एनएसई या शेअर बाजाराच्या साइटवर ब्रोकरचं नाव टाकलं की ग्राहकांचे पैसे घ्यायला त्याने जाहीर केलेली बँक खाती दिसतात. शिवाय ऑक्टोबर २०२५ पासून नोंदणीकृत ब्रोकरांचे वेगळे यूपीआय आयडी आलेत. त्यात @ नंतर 'व्हॅलिड' हा शब्द येतो आणि पैसे पाठवताना हिरव्या त्रिकोणात अंगठा दिसतो. माझ्या 'ट्रेडर्स'ला यातलं काही नव्हतं.

गेल्या सोमवारी एक फोन आला, हिंदीत. तुमचे अडकलेले पैसे सोडवून देतो, फाइल चार्ज फक्त ९ हजार. माझी रक्कम त्याला रुपयापर्यंत पाठ होती.