दुःखाचे फोटो: रंगीत की कृष्णधवल?

घरच्या कुणाच्या दिवसकार्यात कॅमेरा आपल्याच हातात येतो, आणि मग फोटो रंगीत ठेवायचे की कृष्णधवल, हा प्रश्न पडतो. आमच्याकडच्या आणि जवळच्या नातेवाइकांकडच्या अशा प्रसंगांत मी दोन्ही करून पाहिलंय. तेव्हा हे सगळं अनुभवाचं, मोजमाप वगैरे काही नाही.

दोन्ही बाजू एकाच जागी बघायच्या असतील तर भोपाळ आठवा. डिसेंबर १९८४ मधल्या वायुगळतीनंतर एका अनोळखी बाळाचं दफन छायाचित्रकार रघु राय यांनी कृष्णधवल टिपलं, तर दुसरे छायाचित्रकार पाब्लो बार्थोलोम्यू यांनी रंगीत. मातीतून वर राहिलेला तोच चेहरा, तेच उघडे डोळे. बार्थोलोम्यूंच्या फोटोला त्या वर्षीचा ‘वर्ल्ड प्रेस फोटो’ या वृत्तछायाचित्रांच्या जागतिक स्पर्धेचा सर्वोच्च मान मिळाला, रंगानं दुःख उथळ होतं म्हणणाऱ्यांनी तो आधी बघावा. रंगात हे सगळं काल-परवाचं वाटतं, अंगावर येतं. राय यांच्या फोटोत माती आणि कातडी जवळपास एकाच करड्या छटेत मिसळतात, आणि आपली नजर त्या डोळ्यांवरून हलत नाही. मला व्यक्तिशः हा दुसरा जास्त वेळ धरून ठेवतो. तुमचं उलट असू शकेल.

रंगाच्या बाजूनं आणखीही बोलता येतं. नवरा गेलेल्या बाईच्या कपाळावर वर्षानुवर्षांच्या कुंकवाची जी जागा उरते, ती रंगीत फोटोत लगेच कळते. कृष्णधवलात ती सुरकुत्यांच्या सावल्यांत हरवते. शिवाय कृष्णधवलात सगळेच शोकाकुल दिसतात, कोपऱ्यात मोबाइल चाळत बसलेला चुलतभाऊसुद्धा. ही थोडी फसवणूकच आहे.

तरी माझा निकाल कृष्णधवलाच्या बाजूनं लागला तो आपल्या घरांतल्या उजेडामुळे. वर पांढरी एलईडी ट्यूब, गेलेल्या माणसाच्या फोटोपुढे समईचा पिवळा उजेड, दारातून येणारं दुपारचं ऊन, आणि या सगळ्याला पोपटी डिस्टेंपरची भिंत. माणसाचा एक गाल हिरवट, दुसरा केशरी. व्हाइट बॅलन्स (कुठला उजेड पांढरा धरायचा ते ठरवणारी सेटिंग) ट्यूबला जुळवला की समईकडची बाजू पेटते, समईला जुळवला की उरलेली खोली निळी पडते. संगणकावर तासन्‌तास मास्क लावत, म्हणजे फोटोचा एकेक भाग निवडून रंग सुधारत बसलो तरी कुठेतरी तो हिरवा राहतोच. आत्याचा रडून सुजलेला चेहरा मला हवा तसा मिळाला होता, आणि तो बघून घरातल्या एकानं विचारलं, “आत्याला कावीळ झाली होती का?” दुःख बाजूला राहिलं, चर्चा काविळीवर गेली. तोच फोटो कृष्णधवल केला तेव्हा समईची बाजू फक्त उजळ उरली आणि भिंतीकडची फक्त गडद. कावीळ गेली, आत्या राहिली. कमी उजेडात आयएसओ (कॅमेऱ्याची प्रकाशसंवेदनशीलता) ६४०० वर नेला की दिसणारे रंगीत ठिपकेही गेले. उरला तो करडा रवाळ दाणा, आणि त्याचा मला त्रास होत नाही.

कृष्णधवलाकडे वळलात तर एकच सांभाळा. झेंडूचा हार उठून दिसावा म्हणून संपादनात केशरी स्लायडर (त्या रंगाची जागा उजळ-गडद करणारी पट्टी) वर नेला की चेहरेही उजळतात, कारण आपली कातडीही त्याच रंगात मोडते. उन्हात रापलेला मामा एकदम गोरापान होतो आणि चेहऱ्यावरच्या रेघा पुसट होतात. तो स्लायडर मी उलट थोडा खालीच ठेवतो. फोटो रॉ मध्ये (कॅमेऱ्यानं टिपलेली सगळी मूळ माहिती ठेवणाऱ्या फाइलमध्ये) काढा आणि कॅमेऱ्याचं प्रोफाइल मोनोक्रोम ठेवा. कॅमेरा मिररलेस (आत आरसा नसलेला, दृश्य छोट्या पडद्यावर दाखवणारा) असेल तर डोळ्याला करडंच दिसतं आणि रंग फाइलमध्ये शाबूत राहतात.

दशक्रियेला नदीघाटावर, सकाळच्या मोकळ्या उजेडात, ही भानगड नसते. तिथे खुशाल रंगीत ठेवा, पिंडांवरचे तीळ आणि ओली धोतरं रंगात छान येतात. आणि हार घालून भिंतीवर लावायचा फोटो तर रंगीतच द्या. घरचे तोच मागतात, आणि तिथे आपलं मत कुणी विचारत नाही.