सांबा: विंडोज, मॅक आणि लिनक्स एकाच घरात नांदवायचे असतील तर

घरात एक विंडोजचा लॅपटॉप, एक मॅकबुक आणि कोपऱ्यात लिनक्स टाकलेला जुना डेस्कटॉप. इंटरनेट तिघांनाही मिळतंय, पण फोटो इकडून तिकडे न्यायला अजून पेनड्राइव्हच फिरतोय. अशा घरासाठी आज मिळणारं सर्वांत भरवशाचं साधन म्हणजे सांबा. फुकट आहे, ओपन सोर्स आहे, आणि विंडोज किंवा मॅकवर नवीन काहीही टाकावं लागत नाही. विंडोज ज्या एसएमबी भाषेत फाइल शेअर करतं, तीच भाषा सांबा लिनक्सला शिकवतं. मॅकही २०१३ च्या मॅव्हरिक्सपासून फाइल शेअरिंगसाठी हीच भाषा आधी वापरतो. अँड्र्यू ट्रिजेल यांनी ऑस्ट्रेलियात कॅनबेऱ्याला याची पहिली आवृत्ती १९९२ मध्ये काढली. एस, एम, बी ही अक्षरं याच क्रमाने येणारा शब्द शोधताना ‘सांबा’ हे नाव सापडलं.

तीस वर्षांहून जुनं असल्यामुळे सांबा पक्कं झालंय. त्याचा तोटाही तिथेच आहे: इंटरनेटवरचे निम्मे सल्ले आता शिळे झालेत, आणि त्यातले काही सरळ धोक्याचे आहेत. ‘विंडोजमध्ये एसएमबी १ चालू करा म्हणजे दिसेल’ हा त्यातला सर्वांत वाईट. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय हा फायली अडकवून खंडणी मागणारा व्हायरस पसरला तो एसएमबीच्या याच जुन्या आवृत्तीतल्या भोकातून. त्याच वर्षी विंडोज १० च्या १७०९ आवृत्तीपासून नव्या इन्स्टॉलमध्ये ती यायची बंद झाली, आणि २०१९ मध्ये सांबाच्या ४.११ आवृत्तीनेही ती आपणहून बंद ठेवली. एखादा जुना स्कॅनर किंवा एक्सपीचा पीसी चालावा म्हणून ती पुन्हा उघडणं म्हणजे एका खोलीच्या सोयीसाठी घराचं मुख्य दार काढून ठेवणं. त्या स्कॅनरला पेनड्राइव्ह लावा, पण हे करू नका.

मांडणी अवघड नाही. उबुंटू या लिनक्सच्या प्रकारावर सांबाचं पॅकेज टाकायचं आणि शेअरचं फोल्डर सिस्टिमच्या ‘एसआरव्ही’ फोल्डरखाली करायचं. आपल्या होम फोल्डरच्या आत करू नका: उबुंटू २१.०४ पासून होम फोल्डर दुसऱ्या यूजरला बंद असतं, त्यामुळे आतल्या शेअरला सगळी परवानगी दिली तरी घरातल्या इतरांना ते उघडत नाही आणि कारण कुठेच दिसत नाही. मग ‘ईटीसी’मधल्या सांबाच्या फोल्डरात एसएमबी डॉट कॉन्फ या सेटिंगच्या फाइलच्या शेवटी चार ओळी घालायच्या: चौकटी कंसात शेअरचं नाव, ‘पाथ’, ‘रीड ओन्ली’ला ‘नो’, आणि ‘व्हॅलिड यूजर्स’मध्ये घरातल्यांची नावं. या ओळी फाइलीत अर्थातच रोमन लिपीत लिहायच्या. फाइल सेव्ह केली की ‘टेस्टपार्म’ हे तपासणीचं साधन चालवा. चुकलेलं स्पेलिंग ते लगेच दाखवतं. सर्व्हिस मात्र अशी चूक गिळून टाकते आणि तसंच चालू राहते.

इथे दोन गोष्टींवर बहुतेकांची गाडी अडते. पहिली: सांबाचा पासवर्ड लिनक्सच्या पासवर्डपेक्षा वेगळा असतो. यूजर लिनक्सवर आधी असावाच लागतो, पण ‘एसएमबीपासडब्ल्यूडी’ या कमांडला ‘-ए’ जोडून त्याचा सांबा-पासवर्ड वेगळा द्यावा लागतो. हे राहिलं तर लॉगिनचा पासवर्ड कितीही बरोबर टाका, विंडोज तो चूकच म्हणणार. दुसरी: परवानगीची कुलपं दोन असतात. ‘रीड ओन्ली = नो’ हे सांबाचं कुलूप. फोल्डरवर त्या यूजरला लिनक्सची लिहिण्याची परवानगी नसेल तर फाइल उघडेल, सेव्ह होणार नाही. तिघा-चौघांत वापरायचं असेल तर सगळ्यांना एका ग्रुपमध्ये घाला, फोल्डर त्या ग्रुपचं करा, आणि ‘फोर्स ग्रुप’, ‘क्रिएट मास्क’ ०६६४, ‘डिरेक्टरी मास्क’ २७७५ अशा ओळी वाढवा. नाहीतर आईने टाकलेली फाइल मुलीला बदलता येत नाही. फेडोरा या लिनक्सच्या दुसऱ्या प्रकारावर तिसरं कुलूपही आहे, एसईलिनक्स या सुरक्षा-व्यवस्थेचं: फोल्डरला ‘सांबा_शेअर_टी’ हे लेबल लागलं नाही तर शेअर दिसतं पण आत जाता येत नाही.

आता सगळ्यात जास्त वेळ खाणारा घोळ. विंडोजच्या फाइल एक्सप्लोररमध्ये ‘नेटवर्क’वर क्लिक केलं आणि लिनक्सचा पीसी तिथे नाही, की लोक सांबा पुन्हा टाकायला बसतात. पण दिसणं वेगळं आणि उघडणं वेगळं. उघडायला टीसीपीचं ४४५ हे एकच पोर्ट, म्हणजे नेटवर्कचं क्रमांक दिलेलं दार, लागतं. दिसण्यासाठी विंडोज आता डब्ल्यूएस-डिस्कव्हरी नावाची दुसरीच पद्धत वापरतं, आणि ती सांबाला येत नाही. जुनी यादी एसएमबी १ च्या जोरावर बनायची. ती गेली, म्हणून नाव गेलं. सांबा व्यवस्थित चालू असतानाही तिथे नाव नसणं हेच अपेक्षित आहे.

म्हणून तपासणी नेहमी खालून वर करा. लिनक्सवर ‘हॉस्टनेम’ला मोठं ‘आय’ जोडून आयपी पत्ता काढा, समजा १९२.१६८.१.१० आला. विंडोजवर पॉवरशेलमध्ये ‘टेस्ट-नेटकनेक्शन’ला तो पत्ता आणि पोर्ट ४४५ द्या. शेवटच्या ओळीत ‘ट्रू’ आलं तर केबल, राउटर आणि फायरवॉल तिन्ही ठीक, आता भानगड फक्त नाव-पासवर्डाची. ‘फॉल्स’ आलं तर पासवर्ड बदलत बसण्यात अर्थ नाही. हे पिंगने तपासू नका, कारण फायरवॉल बऱ्याचदा पिंगला उत्तर देत नाही आणि चालू असलेलं यंत्र बंद वाटतं. पोर्ट मिळालं की एक्सप्लोररच्या पत्त्याच्या पट्टीत दोन बॅकस्लॅश, आयपी, एक बॅकस्लॅश आणि शेअरचं नाव टाका. मॅकवर फाइंडरमध्ये कमांड आणि के दाबून ‘एसएमबी’, कोलन, दोन स्लॅश आणि तोच पत्ता. इथे उघडलं की खरं काम झालं. त्यावरच ड्राइव्हचं अक्षर लावून ठेवा. यादीत नाव हवंच असेल तर लिनक्सवर ‘डब्ल्यूएसडीडी’ हे छोटं पॅकेज टाका आणि यूडीपी ३७०२ व टीसीपी ५३५७ मोकळी ठेवा. मॅकच्या यादीत नाव दिसायला लिनक्सवरचं अवाही हे साधन पुरतं.

‘फॉल्स’ आलं तर आधी लिनक्सची फायरवॉल पाहा. उबुंटूवर यूएफडब्ल्यू चालू असेल तर त्यात सांबा नावाची तयार परवानगी असते. फेडोरावर फायरवॉलडीला सांबा सर्व्हिस जोडून रीलोड करावं लागतं. शेअर विंडोजवर असेल तर तिथलं नेटवर्क ‘पब्लिक’वर नाही ना ते बघा, घरचं वायफाय ‘प्रायव्हेट’ हवं. एवढं करूनही नाही झालं तर दोष बहुधा राउटरच्या मांडणीत. आपल्याकडे फायबरवाल्याचा राउटर एक आणि रेंज कमी पडते म्हणून बाजारातून आणलेला दुसरा, असं सर्रास असतं. एका यंत्राचा पत्ता १९२.१६८.२९ ने आणि दुसऱ्याचा १९२.१६८.० ने सुरू होत असेल तर घरात दोन वेगळी नेटवर्क झालीत. दुसऱ्या राउटरला ॲक्सेस पॉइंट मोडमध्ये टाका. तो मोड नसेल तर त्याचं डीएचसीपी (यंत्रांना पत्ते वाटण्याचं काम) बंद करा, त्याला पहिल्याच्या पट्ट्यातला मोकळा पत्ता द्या आणि पहिल्याची केबल त्याच्या वॅन ऐवजी लॅन पोर्टात लावा. गेस्ट वायफायवरची यंत्रं एकमेकांना मुद्दामच दिसत नाहीत. तिथे कुणी जोडलेलं नाही ना हेही बघा.

शेअर रोज सापडायचं तर लिनक्सच्या यंत्राला राउटरमधून कायमचा पत्ता राखून द्या. तेव्हा त्या यंत्राच्या वायफाय सेटिंगमध्ये हार्डवेअर पत्ता बदलता ठेवलेला नाही याची खात्री करा, नाहीतर राउटर त्याला दर वेळी नवीन पाहुणा समजतो.

‘पासवर्ड कशाला, घरचेच तर आहेत’ म्हणून गेस्ट शेअर करण्याचा मार्ग आता सोडून द्यावा. विंडोज ११ च्या २४एच२ पासून प्रो, एंटरप्राइज आणि एज्युकेशन आवृत्त्या एसएमबी सायनिंग, म्हणजे प्रत्येक संदेशावर डिजिटल सही, मागतात. गेस्टला पासवर्ड नाही, म्हणून सही करता येत नाही, म्हणून जोडणी नाकारली जाते. पडद्यावर ‘तुमच्या संस्थेच्या सुरक्षा धोरणामुळे’ अशा अर्थाचा संदेश येतो आणि घरचा माणूस बुचकळ्यात पडतो, कारण घरात संस्था कुठली? सुरक्षा ढिली करण्यापेक्षा प्रत्येकाला सांबा-पासवर्ड द्या. दहा मिनिटांचं काम आहे.

पासवर्ड बरोबर असूनही विंडोज नाकारत असेल आणि त्रुटी क्रमांक १२१९ असेल, तर त्याच यंत्राशी दुसऱ्या नावाने जुनी जोडणी उघडी आहे. विंडोज एका सर्व्हरशी एका वेळी एकच यूजर चालवतं. ‘नेट यूज’ला तारा आणि ‘स्लॅश डिलीट’ देऊन सगळ्या जोडण्या तोडा, क्रेडेन्शियल मॅनेजरमधली जुनी नोंद काढा, पुन्हा जोडा. उलट दिशेने, मॅक किंवा लिनक्सवरून विंडोजच्या शेअरवर जाताना, पिन चालत नाही. पिन फक्त त्या यंत्रापुरता असतो. विंडोजवर शेअरपुरता एक वेगळा लोकल यूजर पासवर्डासह करून ठेवणं सगळ्यात सोपं. मॅकवरचं फोल्डर विंडोजला द्यायचं तर फाइल शेअरिंगच्या ‘ऑप्शन्स’मध्ये जाऊन विंडोज फाइल शेअरिंगखाली आपल्या खात्यावर टिक करायला विसरू नका.

वेगाबद्दल सांबाकडे बोट दाखवायला जागा नाही. गिगाबिट केबलवर जुना डेस्कटॉपही सेकंदाला ११० एमबीच्या आसपास देतो, म्हणजे १० जीबीचा व्हिडिओ दीड मिनिटात. आकडा ११ वर अडकला असेल तर मध्ये कुठेतरी १०० एमबीपीएसचा टप्पा आहे: स्वस्त राउटरचा लॅन पोर्ट, किंवा आठपैकी चारच तारा जोडून क्रिंप केलेली केबल. तोच व्हिडिओ मग पंधरा मिनिटं घेतो. दोन्ही लॅपटॉप वायफायवर असतील तर प्रत्येक बाइट हवेतून दोनदा जातो, म्हणून वेग निम्म्यावर येतो. निदान फाइल ठेवणारं यंत्र तरी केबलवर घ्या. हजारो बारीक फायलींना वेळ लागतोच, त्या झिप करून न्या.

कधीतरी एखादी फाइल फोनवरून लॅपटॉपला पाठवायची असेल तर सांबा नको, लोकलसेंड पुरेसं आहे. दोन यंत्रांवर एकच फोल्डर कायम सारखं ठेवायचं असेल तर सिंकथिंग जास्त योग्य. आणि बाहेरगावाहून घरच्या फायली हव्यात म्हणून राउटरवर ४४५ पोर्ट इंटरनेटला उघडू नका. त्यासाठी वायरगार्डसारखं व्हीपीएन वापरा.

मॅक असलेल्या घरासाठी सांबाचं ‘फ्रूट’ हे मॅकशी जुळवून घेणारं मॉड्यूल चालू करणं मी आवश्यक मानतो. ‘व्हीएफएस ऑब्जेक्ट्स’च्या ओळीत कॅटिया, फ्रूट आणि स्ट्रीम्स_एक्सॲटर याच क्रमाने लिहा. २०१८ च्या ४.८ आवृत्तीपासून याच शेअरवर टाइम मशीनचा बॅकअपही घेता येतो. त्याला ‘मॅक्स साइझ’ नक्की घाला, नाहीतर बॅकअप सगळी डिस्क खाऊन टाकेल.

राहिली मराठी नावं, आणि इंग्रजी माहितीपत्रकांत हे कधीच नसतं. लिनक्सच्या डिस्कवर नावाची मर्यादा २५५ बाइट आहे, २५५ अक्षरं नव्हे. देवनागरीचं प्रत्येक चिन्ह, काना आणि हलन्तसुद्धा, ३ बाइट घेतं. म्हणजे जेमतेम ८५ चिन्हं. ‘कार्यक्रमाचे’ या एका शब्दाला ३६ बाइट लागतात. असे सात शब्द झाले की मर्यादा ओलांडली. विंडोजवर सुखाने राहिलेली लांबलचक नावाची फाइल म्हणूनच शेअरवर जायला नकार देते. नावात ‘१०:३०’ असा कोलन लिनक्सवर चालतो, पण विंडोजला ती फाइल तोडक्या, ओळखू न येणाऱ्या नावाने दिसते.

दुसरी गोष्ट ‘ऱ’ची. ‘वऱ्हाड’ मधला ऱ एका चिन्हाने लिहिता येतो किंवा र आणि नुक्ता अशा दोन चिन्हांनी. जुन्या मॅकची एचएफएस प्लस डिस्क तो नेहमी मोडून साठवते, विंडोज आणि लिनक्स जसा टाइप केला तसा ठेवतात. त्या डिस्कवरून आरसिंक या कॉपी करणाऱ्या साधनाने फोल्डर लिनक्सवर आणलं की ‘वऱ्हाड’ नावाची दोन फोल्डरं शेजारी शेजारी दिसू शकतात, डोळ्यांना अगदी सारखी. लिनक्सवरचं ‘कॉन्व्हएमव्ही’ हे साधन ‘एनएफसी’ पर्यायासह चालवलं की मोडलेला ऱ पुन्हा एक होतो. ते आधी फक्त काय बदलेल ते दाखवतं. यादी नीट वाचा, आणि मग ‘नोटेस्ट’ जोडून पुन्हा चालवा.