क्रेव्हन कॉटेज: लंडनमध्ये एकच सामना बघायचा असेल तर

लंडनला निघालेला फुटबॉलवेडा माणूस आधी आर्सेनल, चेल्सी नाहीतर टॉटनहॅमची तिकिटं शोधतो. साहजिक आहे, टीव्हीवर सतत तीच नावं कानावर पडतात. मला विचाराल तर पाहुण्याने फुलहॅम क्लबच्या मैदानावर, म्हणजे क्रेव्हन कॉटेजवर जावं. टॉटनहॅमचं नवं स्टेडियम भव्य आहे, ते एकदा पाहावंच. पण हा खेळ एका वस्तीत, घरांच्या रांगेत, नदीच्या काठी कसा रुजला, हे बघायचं असेल तर क्रेव्हन कॉटेजला तोड नाही.

सुरुवात मैदानाच्या आधीच होते. लंडन मेट्रोच्या डिस्ट्रिक्ट लाइनने पुटनी ब्रिज स्टेशनला उतरायचं आणि गर्दीबरोबर बिशप्स पार्कमध्ये शिरायचं. एका बाजूला थेम्स, वर मोठमोठी झाडं, आणि वाटेवर काळे-पांढरे स्कार्फ गुंडाळलेली माणसं. आजोबा नातवाचा हात धरून चाललेले, मुली सँडविच खात चाललेल्या. कुणी धावत नाही, कुणी ढकलत नाही. जवळच फुलहॅम पॅलेस आहे, लंडनच्या बिशपांचं जुनं निवासस्थान. तासभर आधी पोहोचलात तर तिथेही डोकावता येतं. पंधरा-वीस मिनिटं चाललं की बाग संपते आणि आपण स्टीव्हनेज रोडवर येतो.

इथे थांबून समोर नीट बघा. रस्त्याच्या एका बाजूला राहती घरं आणि दुसऱ्या बाजूला लाल विटांची लांबच लांब भिंत, घरांशी जुळेल अशाच घडणीची. हा 1905 सालचा जॉनी हेन्स स्टँड. लिव्हरपूलचं अँफिल्ड आणि मँचेस्टर युनायटेडचं ओल्ड ट्रॅफर्ड यांच्या जुन्या बांधणीत ज्याचा हात होता, त्या आर्किबाल्ड लीच या स्कॉटिश अभियंत्याचं हे काम. आज ती वारसा इमारत म्हणून संरक्षित आहे. बाहेर फुलहॅमचा खेळाडू जॉनी हेन्स याचा पुतळा आहे. 1961 मध्ये खेळाडूंच्या पगारावरची 20 पौंडांची कमाल मर्यादा उठली, तेव्हा आठवड्याला 100 पौंड मिळवणारा पहिला इंग्लिश खेळाडू हाच. आजचे आकडे ऐकणाऱ्या पोरांना मी हे आवर्जून सांगते.

ज्यावरून मैदानाला नाव पडलं ते मूळ कॉटेज 1888 मध्ये जळून गेलं. आता कोपऱ्यात उभी आहे ती लीचनेच बांधलेली छोटी, सज्जाची इमारत. कपडे बदलायच्या खोल्या तिच्यात आहेत, त्यामुळे खेळाडू स्टँडच्या मधल्या बोगद्यातून न येता कोपऱ्यातून मैदानात उतरतात. हे मी वाचलं होतं, तरी प्रत्यक्ष बघताना अंगावर काटा आला. कोट्यवधींचे खेळाडू, आणि ते एखाद्या घराच्या दारातून बाहेर पडावेत तसे बाहेर येतात.

आमच्या जागा जॉनी हेन्स स्टँडमध्ये होत्या. वरच्या भागात अजून लाकडी खुर्च्या आहेत, एका शतकाहून जुन्या. बसायला अरुंद, उंच माणसाचे गुडघे पुढच्या पाठीला टेकणारच. छताला आधार देणारे खांबही आहेत, म्हणून तिकीट काढताना दृश्याला अडथळा असल्याची सूचना आहे का ते वाचाच. बाकी दृश्य असं, की साइडलाइनवरच्या खेळाडूचा श्वास ऐकू यावा. टीव्हीवर बॅक, म्हणजे बचावपटू, फक्त चेंडू आला की दिसतो. इथे मी बराच वेळ पाहुण्या संघाच्या लेफ्ट बॅकलाच, म्हणजे डावीकडच्या बचावपटूलाच बघत होते. चेंडू पलीकडच्या टोकाला असताना तो सतत मान वळवून मागे बघायचा, दोन पावलं आत यायचा, हात करून सेंटर बॅकला सरकवायचा. त्याच्या बाजूने आक्रमण आलं तेव्हा तो आधीच जागेवर होता. फुटबॉल मैदानावर जाऊन का बघायचा, याला माझ्याकडे याहून चांगलं उत्तर नाही.

शेजारी एक वयस्क गृहस्थ होते. सामना सुरू होण्याआधी त्यांनी सामन्याची पुस्तिका उघडली, पेन्सिलीने अकरा नावांपुढे खुणा केल्या आणि बदली खेळाडू आला की वेळ लिहून ठेवली. माझ्याशी फार बोलले नाहीत. कॉर्नरवरून फुलहॅमचा गोल झाला तेव्हा मात्र माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, ‘बघितलंत ना?’ मग पेन्सिल पुन्हा कागदावर.

आवाजाबद्दल खरं सांगायचं तर हे मैदान लिव्हरपूलसारखं गर्जत नाही. एका गोलमागच्या हॅमरस्मिथ एंड या स्टँडकडून ‘कम ऑन यू व्हाइट्स’ येत राहतं, उरलेली माणसं लक्ष देऊन खेळ बघतात. मला ते आवडलं. ज्याला नव्वद मिनिटं उभं राहून गायचं आहे, त्याने दुसरीकडे जावं.

दुसऱ्या गोलमागच्या पुटनी एंडचा एक भाग कित्येक वर्षं तटस्थ प्रेक्षकांसाठी राखलेला असायचा, आणि पाहुण्यासाठी याहून सोयीचं काही नाही. तुम्ही जाल तेव्हा तशी सोय आहे का ते क्लबच्या साइटवर बघून घ्या. यजमानांच्या भागात पाहुण्या संघाचे रंग घालून बसता येत नाही, हा नियम लंडनमध्ये सगळीकडे कडक आहे. माझा भाचा हॉटेलमधून निघतानाच म्हणाला, ‘मावशी, तो लाल स्कार्फ बॅगेत टाक, गेटवरच अडवतील.’ पाहुणा संघ लाल जर्सीचा होता आणि त्याचं म्हणणं अगदी बरोबर होतं.

आता पैशांचं. फुलहॅम स्वस्त नाही. मोठ्या सामन्याला चांगल्या जागेचं तिकीट 100 पौंडांच्या पुढे सहज जातं आणि वाढत्या दरांबद्दल क्लबच्या पाठीराख्यांनीच उघड निषेध केला आहे. मी त्यांच्या बाजूची आहे. जी माणसं पिढ्यान्‌पिढ्या या बागेतून चालत आली, त्यांना इथे येणं परवडलं पाहिजे. प्रीमियर लीग या इंग्लंडच्या अव्वल स्पर्धेत पाहुण्या संघाच्या पाठीराख्यांच्या तिकिटाला 2016-17 पासून 30 पौंडांची कमाल मर्यादा आहे; यजमानांसाठी तशी मर्यादा नाही. तिकीट फक्त क्लबकडूनच घ्या, गरज पडली तर सदस्यत्व घेऊन. इंग्लंडमध्ये फुटबॉलची तिकिटं परवानगीशिवाय पुन्हा विकणं हा 1994 च्या कायद्याने गुन्हा आहे. बाहेरच्या साइटवर तिप्पट पैसे मोजूनही गेटवर परत पाठवलेली माणसं मला माहीत आहेत. आघाडीच्या संघांविरुद्धचा सामना सोडून गुणतक्त्याच्या मधल्या संघाचा सामना निवडला तर तिकीटही मिळतं आणि खिशालाही कमी चाट बसते.

विमानाचं तिकीट काढताना एक लक्षात ठेवा. सामन्यांचे वार आणि वेळा टीव्हीसाठी बदलतात, शनिवारचा सामना रविवारी किंवा सोमवारी रात्री जाऊ शकतो. आधी-नंतर दोन-तीन दिवस मोकळे ठेवा. जमलं तर शनिवारी दुपारी 3 चा सामना घ्या. शनिवारी 2.45 ते 5.15 या वेळात ब्रिटनमध्ये टीव्हीवर फुटबॉलचं थेट प्रक्षेपण होत नाही, ते का, तर लोकांनी मैदानावर यावं म्हणून. त्या वेळेला तिथे बसलेल्या माणसांशिवाय त्या देशात तो सामना कुणी थेट बघत नसतं.

किरकोळ गोष्टी पटकन. बॅग लहान ठेवा. तिकीट फोनवर असतं, तर फोन पूर्ण चार्ज हवा. बिअर घेऊन जागेवर बसता येत नाही, 1985 च्या कायद्याप्रमाणे मैदान दिसेल अशा ठिकाणी दारू पिण्यास बंदी आहे, त्यामुळे बिअर आत जाऊन प्यायला मध्यंतराच्या पाच मिनिटं आधीच लोक उठायला लागतात. पोटभर जेवण पूल ओलांडून पुटनीत करून मगच या. थंडीत नदीवरचा वारा बोचतो, कानटोपी आणि हातमोजे हवेत.

लहान मुलं बरोबर असतील किंवा खिसा हलका असेल, तर पूर्व लंडनला लेटन ओरिएंट या छोट्या क्लबचं ब्रिस्बेन रोड मैदान बघा. तिथे मैदानाच्या कोपऱ्यांत राहत्या इमारती आहेत आणि माणसं आपल्या बाल्कनीतून सामना बघतात. आर्सेनलच्या महिला संघाचे सामने क्लबच्या एमिरेट्स स्टेडियमवर होतात, पुरुषांच्या मानाने बरेच स्वस्त, आणि खेळ अव्वल दर्जाचा.

सामना संपला की पुटनी ब्रिज स्टेशनवर मोठी रांग लागते. आम्ही रांगेत न उभं राहता पूल ओलांडून पुटनी स्टेशनकडे चालत गेलो, तुम्हीही तेच करा.