सोलर फिल्टर शीट: सूर्यावरच्या डागांसाठी झकास, जाहिरातीतल्या ज्वाळा विसरा

माल चांगला, जाहिरात फसवी. फोटोत लालभडक सूर्य आणि काठावर उसळलेल्या ज्वाळा दाखवल्यात. त्या या शीटमधून जन्मात दिसणार नाहीत. त्याला हायड्रोजन-अल्फा फिल्टर (हायड्रोजनचा ठरावीक लाल प्रकाशच आत सोडणारा) लागतो, आणि त्या पैशात आमच्या ज्युनिअर कॉलेजच्या लॅबची निम्मी खरेदी होईल.

ही शीट लाखातला एक भाग प्रकाश आत सोडते. ७० मिलिमीटरच्या दुर्बिणीतून सूर्य पांढराफटक दिसतो आणि त्यावर डाग एकदम स्वच्छ: काळाकुट्ट गाभा, भोवती करडी झालर. बरेचदा जोडी असते, पुढचा ठसठशीत, मागचा विसकटलेला. चुंबकासारखाच एक उत्तर ध्रुव, दुसरा दक्षिण. सूर्याच्या दुसऱ्या गोलार्धात नेमकं उलट, आणि साधारण ११ वर्षांनी सगळी अदलाबदल. ध्रुव शीटमधून दिसत नाहीत अर्थात. डागांत चुंबकत्व असतं हे अमेरिकी खगोलशास्त्रज्ञ हेल यांनी १९०८ साली वर्णपटावरून दाखवलं. तिथलं चुंबकीय क्षेत्र तीनेक हजार गॉस (चुंबकी जोर मोजायचं एकक), आपल्या पृथ्वीचं जेमतेम अर्धा गॉस. एवढ्या जोरापुढे खालची उष्णता वर येऊ शकत नाही, म्हणून डाग काळा.

सोलापूरकरांनी सकाळी आठच्या आत उरकावं. नंतर गच्ची तापते आणि सूर्याची कडा उकळल्यासारखी हलते. शेजारच्या काकू विचारतातच, "सर, उन्हात काय बघताय ओ?"

मे २०२४ मधला तो अजस्र डागसमूह पाहिला असेल त्यांना सांगायला नको. त्यातूनच निघालेल्या सौरवादळांनी १०-११ मेला लडाखात हानलेचं आकाश लाल केलं. वादळासोबत आलेलं चुंबकीय क्षेत्र दक्षिणेकडे झुकलेलं असलं की पृथ्वीचं चुंबकीय कवच उघडं पडतं. भारताचं आदित्य-एल१ यान हा झुकाव १५ लाख किलोमीटरवरून मोजतं, पण तिथून वादळ पृथ्वीवर यायला तासभरही लागत नाही.

एक तारा कापला तो माहितीपत्रकासाठी. फाइंडरला (दुर्बिणीवरच्या छोट्या शोधक दुर्बिणीला) झाकण लावा, हे त्यात कुठेच नाही! लहान मुलानं डोळा लावला तर? सोबत फुकट आलेला, आयपीसला (डोळा लावतो त्या भिंगाला) लावायचा काळा काचेचा फिल्टर मी मोडूनच टाकला. तो उष्णतेनं तडकतो. शीट दुर्बिणीच्या पुढच्या तोंडालाच, चिकटपट्टीनं घट्ट बसवायची. थोड्या सुरकुत्या चालतात. दर वेळी आधी बल्बसमोर धरून बघा. सुईएवढं भोक दिसलं तरी सरळ कचऱ्यात.